सात वाटे

सॅम्युएल स्ट्रीटवर तिसऱ्या जिन्यापाशी थांबलो.
भातबाजाराची हळद नाकात गेली, शिंक आली.
बॅलार्ड पियरला उतरून नऊ दिवस झाले होते.
पेणकरांचं दार शोधायला नऊ दिवस लागत नाहीत.

मिलकाबाईंनी पाट दिला, पाणी दिलं.
खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा.
"गोदीत जहाज फुटलं तेव्हा गेली," म्हणाल्या,
"तुमच्याकडे असे आवाज रोजच व्हायचे ना रे?"
म्हटलं, आवाज आधी. नंतर नुसती भूक.

मग सांगत गेलो.
तोब्रुकला हात वर केले ते,
आणि वर केलेले हात दुपारपर्यंत किती जड होतात ते.
बेनगाझीच्या तारेत माणशी एक पेला पाणी,
त्यातल्या घोटभर पाण्यात दाढी करणारा हवालदार दुदुस्कर,
"मरायचं तर गुळगुळीत मरू" म्हणायचा.
मेला नाही. खेडला दुकान टाकतोय.
जहाजाच्या पोटात चार दिवस. इटलीत उवा.
उवांचं सांगितलं, जुलाबांचं नाही.
मग मालगाडी, बाहेरून कडी, फटीतून बर्फ.
बर्फ पाहून आबा ओरडला, "अरे, हे तर मिठागर!"
डबाभर माणसं हसली,
तो शेवटचा मोठा हशा.

जर्मनीत सात जणांत एक पाव,
काळा, ओला, भुशाच्या चवीचा.
डब्याचं झाकण दगडावर घासून सुरी केली होती.
कायदा आमचा आम्हीच केला:
जो कापेल, तो शेवटी घेईल.
मी कापायचो. दोन हिवाळे.
दोऱ्याने मापायचो, चुरासुद्धा बोटाने टिपून वाटायचो,
तरी डोळे सगळे झाकणाच्या धारेवर.
आबा तेवढा पाठ करून बसायचा.
"तू कापतोयस, मग मी काय बघू?"

हे ऐकून बाई उठल्या. दिव्याच्या पेल्यात तेल ओतू लागल्या,
शुक्रवार होता, ऊन भिंतीवर चढलं होतं.
मला अजून मूळचं सांगायचं होतं.

इटली सोडायच्या आदल्या रात्री कागद नवे केले.
कारकून नाईक लिहीत होता.
अब्राहम शालोम पेणकर, इथे टाक थांबला.
ते नाव तिकडे नेलं तर काय होतं,
आम्हाला अर्धंच ठाऊक होतं. अर्धं पुरलं.
त्याने लिहिलं: आबा श्यामराव पेणकर, मराठा.
पुढे अंगणात रांग लावून साहेबाने
आबाकडे बोट दाखवून विचारलं, हा कुठला?
सहा जण सहा गावचे,
आणि सहाही म्हणालो, आमच्या गावचा.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याची छाती भरली.
माझा वाटा मी एकदा त्याच्या उशाशी ठेवला, एकदाच;
दुसऱ्या दिवशी नाही ठेवला. हेही सांगितलं.
जमीन इतकी टणक की टिकाव उडायचा.
फळी त्यांनी रंगवली, त्यांच्या कागदावरून.

"फळीवर काय लिहिलंय?"
परतीच्या बोटीवर या प्रश्नाची किती उत्तरं घोकली होती.
जे होतं ते सांगितलं.
तेलाची धार हलली नाही.
"आबा तर मीच म्हणायचे," त्या म्हणाल्या.
"पण शालोमचा श्यामराव?"
हसल्या की काय, पाठमोऱ्या होत्या.
मग बऱ्याच वेळाने,
"ते मराठा लिहिलंय ना, ते खोडायला सांग."
सांगतो म्हटलं.
कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

दिवा लागला. काहीतरी पुटपुटल्या.
बेकरीतला मोठा पाव पुढे ठेवला, सुरी ठेवली.
"काप."
घरात आम्ही तिघं: त्या, आबाची बहीण, मी.
कापून झाल्यावर पाहिलं, तुकडे सात.
सारखे. दोऱ्याशिवाय.
त्या पोरीने ओठांतल्या ओठांत मोजले.
बाईंनी एक उचलला. पोरीने एक.
पाच उरले.
मी हात मांडीवर ठेवून बसलो,
शेवटचा माझा,
आणि मधले कुणी हात पुढे करीना.